थांबा मिस्तरी आणि उतरणारी बॅटरी

आमच्या भागात गाड्यांचं वायरिंग बघणारे एक मिस्तरी आहेत. त्यांना सगळे ‘थांबा’ म्हणतात. खरं नाव वीजबिलावर असेल. मी कधी विचारलेलं नाही. दुकानासमोर गाडी लावून तुम्ही तक्रार सांगायला तोंड उघडलं, की ते हात वर करून म्हणतात, "थांबा." आधी इंजिन बंद. किल्ली काढा. उतरा. दारं लावा. मग तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसा आणि चाळीस मिनिटं गाडीला बोट लावू नका. नुकती बंद केलेली गाडी लगेच झोपत नाही, जागी असते, तिच्या पोटात काही ना काही चालू असतं, आणि जाग्या गाडीची नाडी बघण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. घाईच्या माणसाला हे सहन होत नाही. मला तर मुळीच होत नाही.

दुकान म्हणजे दीड गाडी मावेल एवढी जागा. भिंतीवर रंगारंगाच्या वायरींची भेंडोळी खिळ्यांना अडकवलेली, आणि वर एक पाटी: ‘स्वतः जोड मारून आणला असेल तर आधी कबूल करा.’ दाराशी उंच स्टुलावर त्यांची बायको बसते. फ्यूज निवडून डब्यांत लावते, वायरींची टोकं सोलते, आणि दर थोड्या वेळाने म्हणते, "चला." चला, पुढचं. चला, झालं ना ते? म्हणून तिचं नाव ‘चला’ पडलं. एक म्हणतो थांबा, एक म्हणते चला. हे जोडपं घराच्या उंबऱ्यावरच अडकून पडत असेल, अशी थट्टा सगळे करायचे. मीही केली आहे. आता त्या थट्टेची लाज वाटते, पण त्याकडे येईनच.

मिस्तरी सत्तरीला टेकलेले, काटकुळे, चष्मा दोरीने गळ्यात. दोष सापडल्याशिवाय सामान बदलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. एकदा माझ्यादेखत एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, नवी बॅटरी टाका ना, विषय संपवा."

"चोर घरातच ठेवून नवं कपाट घेताय?" मिस्तरी म्हणाले. "त्याचीच सोय होईल."

अशा माणसाच्या शब्दाला आमच्याकडे किती वजन होतं ते सांगायला नको. त्याच शब्दाखाली मी चिरडले गेले.

माझी गाडी तेवीस वर्षांची आहे आणि मी शहात्तर. दोघी ठणठणीत, असं मी सांगत असे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, हे गेले, मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर राहतात. आठवड्यातून दोनदा मी गाडी काढून थोरल्या बहिणीला भेटायला जाते. ती शहराबाहेर एका वृद्धाश्रमात आहे. तिथे थेट बस नाही. तिला आता माझ्याशिवाय कुणी ओळखू येत नाही. स्वतःची मुलंसुद्धा नाहीत. आणि तिचं विसरणं गाडीपासूनच सुरू झालं होतं. किल्ली गाडीतच राहायची, दार उघडं राहायचं, दिवे रात्रभर जळायचे. हे आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे.

म्हणून माझी गाडी पहिल्यांदा सुरू झाली नाही, तेव्हा मुलगा नुसता माझ्याकडे बघत राहिला. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता टकटक करायचा, इंजिन हलायचं नाही. बॅटरी उतरलेली. शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घेऊन सुरू केली. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली. तीही सहाव्या दिवशी उतरली.

"आई, आतला दिवा राहिला असेल."

"नव्हता राहिला."

"मागचं दार नीट लागलं नसेल."

"लागलं होतं."

"तुला आठवतंय?"

हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज मऊ झाला. मुलगा आईशी मऊ आवाजात बोलायला लागला की समजावं, आपलं काही खरं नाही. मी चिडले, आणि मग एक मूर्खपणा केला. शास्त्र शिकवलं होतं ना! रोज गाडी लावली की चिठ्ठी लिहायला लागले: ‘दिवे बंद. चारी दारं बंद. पाच चाळीस.’ खाली सही. म्हटलं, पुरावा राहील. बॅटरी पुन्हा उतरली तेव्हा मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे आपटला. त्याने एक वाचली, दुसरी वाचली, आणि चेहरा पांढराफटक पडला.

"आई, दिवे बंद केलेस हे तू स्वतःसाठी लिहून ठेवतेस?"

माझाच पुरावा माझ्यावर उलटला होता.

शेवटी त्यानेच तोड काढली. "थांबा मिस्तरींना दाखव. ते म्हणाले गाडीत दोष आहे, तर मी कान धरून माफी मागतो. ते म्हणाले नाही, तर किल्ली माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. एवढ्या तोऱ्यात म्हणाले की सूनबाईंना हसू आलं.

मी गेले तेव्हा दुकानात मिस्तरी एकटेच होते. चलावहिनी डोळे तपासायला गेल्या होत्या. थांबा झालं, खुर्ची झाली, चाळीस मिनिटं झाली. दाराची काच खाली घेऊन त्यांनी दाराच्या खिट्टीत स्क्रूड्रायव्हर दाबून ठेवला, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटतं आणि आतला दिवा लागत नाही. मग पान्याने बॅटरीची काळी केबल सोडवली आणि तिच्या नि बॅटरीच्या मध्ये मीटर जोडलं. गाडी बंद असली तरी घड्याळ, रेडिओ यांना चिमूटभर करंट लागतोच. चिमटीऐवजी ओंजळीने जात असेल तर चोर आहे. मीटरवर आकडा आला: शून्य पूर्णांक शून्य दोन.

"ही चिमूट," मिस्तरी म्हणाले.

अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं. शून्य पूर्णांक शून्य दोन.

"गाडीला काही झालेलं नाही, बाई."

"नीट बघा."

"नीटच बघितलं." मग माझ्या नजरेला नजर न देता ते हळूच म्हणाले, "वय झालं की दिवा-बिवा राहतो एखादा. आमच्याकडेही होतं."

मी घरी कशी आले ते मला खरंच आठवत नाही, आणि त्या दिवशी न आठवण्याचीच तर भीती होती. फाटकात मुलगा उभा होता. मी म्हटलं, गाडी तू बंद कर, दिवे तू बघ, दारं तू लाव. त्याने सगळं केलं. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याला वाटलं होतं मी भांडेन. मी भांडले नाही म्हणून तो जास्तच घाबरला.

पुढचे चार दिवस मी स्वतःला तपासत बसले. मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पाठ म्हणून पाहिले, सगळे आले. मग शेजारणीच्या नातीचं नाव आठवेना. ते मला कधीच आठवत नव्हतं, पण आता त्याला अर्थ आला. शेगडी बंद केली का ते बघायला चार वेळा उठले. तिसऱ्या दिवशी दोन बस बदलून बहिणीकडे गेले, तर भेटीची वेळ संपायला दहा मिनिटं उरली होती. ती म्हणाली, "तू आज उशीर केलास." जिला आज कोणता वार आहे तेही ठाऊक नसतं, तिला माझा उशीर कळला. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. पुष्कळ वर्षांत रडले नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. थांबा मिस्तरी आणि चलावहिनी. मिस्तरींच्या हातात अवजारांची पेटी, रिक्षातून एक बॅटरी उतरवलेली. दुकान सोडून हा माणूस कुणाच्या दारात गेल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. मुलगाही वरून धावत आला.

"बाई, ते मीटर फार जुनं झालंय हो," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "त्या दिवशी आकडा चुकीचा दाखवला त्याने. म्हटलं, पुन्हा बघून घ्यावं..."

"मीटर नवं आहे," मिस्तरी म्हणाले.

"अहो!"

"नवं आहे. मागच्याच महिन्यात तूच आणलंस." ते माझ्या मुलाकडे वळले. "गाडी सुरू करा साहेब."

मुलाने किल्ली फिरवली. टक. टक. टक. इंजिन जागचं हललं नाही.

किल्ली चार दिवस माझ्या मुलाच्या खिशात होती. दिवे त्याने बंद केले होते, दारं त्याने लावली होती. मी गाडीजवळ फिरकलेसुद्धा नव्हते.

"दिवा कुणी ठेवला रे?" मी विचारलं.

"आई..."

"दार कुणी उघडं ठेवलं? आठवतंय का तुला?"

एवढं बोलल्याशिवाय मला राहवलं नाही, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही.

"पण मिस्तरी," मुलगा म्हणाला, "तुम्ही तर सांगितलं होतं, काही नाही म्हणून. तुमच्या शब्दावर मी आईची किल्ली काढून घेतली!"

"माझी चूक झाली," मिस्तरी म्हणाले. "एक पायरी गाळली मी."

मग त्यांनी सांगितलं. जुन्या गाड्यांत काही चोर असे असतात, की बॅटरीची केबल क्षणभर जरी सुटली तरी करंट तुटतो आणि त्यांची पकड सुटते. मग मीटर लावलं तर घर स्वच्छ. पुन्हा किल्ली फिरवून गाडी चालवेपर्यंत ते दिसतच नाहीत. म्हणून केबल सोडवण्याआधी एक वायर बाजूने जोडून ठेवायची. केबल निघते, पण करंट त्या वायरीतून वाहत राहतो. मग मीटर लावायचं, आणि सगळ्यात शेवटी ती वायर काढायची. झोपलेल्याला न हलवता उशी बदलावी तसं.

"चाळीस वर्षं करतोय," ते म्हणाले. "त्या दिवशी विसरलो."

"होतं एखादे वेळी," मुलगा म्हणाला. मऊ आवाजात. तो आवाज मी ओळखत होते.

"एखादे वेळी नाही," मिस्तरी म्हणाले.

चलावहिनींनी तोंडाला पदर लावला. मिस्तरी त्यांच्याकडे बघत म्हणाले, "सांग ना. तू नाही सांगितलंस तर मी अर्धंच सांगेन. उरलेलं मला आठवायचं नाही."

तेव्हा वहिनींनी सांगितलं. दीड वर्ष झालं. हात सगळं जाणतात, पण मध्येच कुठे होतो ते निसटतं. पाना हातात धरून उभे राहतात. म्हणून वहिनी स्टुलावर येऊन बसायला लागल्या. चला म्हणजे घाई करा नव्हे. आता वायर लावा, आता केबल सोडा, आता आकडा बघा, हे सगळं त्या एका शब्दात असे. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून नुसतं चला. कधी फ्यूजचा डबा पुढे सरकवायचा, कधी वायर मांडीवर घेऊन बसायचं, म्हणजे त्यांच्या लक्षात येतं. मी गेले त्या दिवशी त्या नव्हत्या. संध्याकाळी परत येऊन पाहतात तर ती वायर त्यांनी सकाळी जशी गुंडाळून ठेवली होती तशीच, गाठसुद्धा न सुटलेली.

"मी विचारलं, वायर लावली होती का? म्हणाले, लावली होती. मी गाठ दाखवली. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही बाई. आज सकाळी स्वतःच म्हणाले, चला."

मी पायरीवर बसले. शेजारी मुलगा बसला. आमच्या अख्ख्या भागाने त्या शब्दावर थट्टा केली होती. रोज. तिच्या तोंडावर. आणि ती हसत असे.

"बसलात काय?" वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "गाडी बघायचीय ना?"

आणलेली बॅटरी बसवली. मिस्तरी म्हणाले, आता चोराची पकड पुन्हा सुटली असणार, गाडी फिरवून आणल्याशिवाय पकडता येणार नाही. मुलाने किल्ली माझ्यापुढे धरली. मी घेतली. वीस मिनिटं गाडी फिरवली. आणून लावली. किल्ली काढली. दारं लावली. या वेळी चाळीस मिनिटं थांबायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

मग मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. चलावहिनी बॉनेटपाशी उभ्या राहिल्या आणि एकेक पायरी मोठ्याने बोलायला लागल्या. लपवाछपवी संपली होती.

"वायर बाजूने लावा."

"लावली."

"चिमटा घट्ट बसलाय?"

"बसलाय."

"आता केबल सोडा. मीटर जोडा. आता वायर काढा."

मिस्तरींच्या हातांना क्षणाचाही विचार करावा लागत नव्हता. वाक्य पुरं व्हायच्या आत काम झालेलं असे. वायर निघाली आणि मीटरवर आकडा आला: शून्य पूर्णांक आठ सात.

"ओंजळ," मिस्तरी म्हणाले.

मुलगा वाकून बघत राहिला. "म्हणजे चाळीसपटीहून जास्त?"

"हात द्या साहेब." मिस्तरींनी त्याचं बोट धरून बॉनेटच्या कोपऱ्यातल्या एका पेटीत नेलं. तिथे काडेपेटीएवढे काळे ठोकळे ओळीने बसवलेले. रिले, म्हणजे एकाच्या इशाऱ्यावर दुसऱ्याला करंट सोडणारे दरवाजे. "हा बघा. गार? हा? गार. आता हा."

मुलाने बोट झटकन मागे घेतलं, जणू चावलंच काही. "कोमट आहे!"

"एक तास झाला गाडी बंद होऊन. सगळे झोपलेत, हा जागा." मिस्तरींनी तो ठोकळा उपटला. आकडा धाडकन शून्य पूर्णांक शून्य दोनवर आला.

दोष त्या ठोकळ्याचाही नव्हता. इंजिनाला हुकूम देणारा एक डबा असतो, तो या रिलेमधून करंट घेतो आणि रिलेला धरूनही तोच ठेवतो. किल्ली काढल्यावर त्याने आवराआवर करून दहा-पंधरा सेकंदांत हात सोडायचा. हा सोडत नव्हता. स्वतःच दार उघडं धरून स्वतःच जागा. मिस्तरींनी डॅशबोर्डखालून डबा काढला, उघडला, आणि आत सर्किटच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं. ओल आली की पट्टीवरच्या दोन पिनांमधून करंट पाझरायचा आणि डब्याला वाटायचं, किल्ली अजून लागलेलीच आहे. वाळलं की आठवडाभर ठीक.

"गाडी पाइपने धुता का?"

दर रविवारी मी धुते. आणि मिस्तरी यायच्या आदल्या दिवशी मुलाने धुतली होती, मला बरं वाटावं म्हणून.

मिस्तरींनी ब्रशने, स्पिरिटने ते स्वच्छ केलं, उन्हात वाळवलं, काचेच्या रबराखाली नवा लेप भरला. वहिनी शेजारी उभ्या. दुपारचे दोन वाजले. मग मीच म्हणाले, आता तीन दिवस गाडी उभी राहू दे, आणि किल्ली मुलाकडेच असू दे. मला कुणाची मेहेरबानी नको होती, आकडा हवा होता.

चौथ्या सकाळी मुलगा खाली आला. आम्ही दोघं गाडीत बसलो. त्याने फिरवली नाही, मला फिरवायला लावली. पहिल्या फटक्याला सुरू झाली. तो कान धरायला गेला, मी त्याचा हात खाली केला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी माझ्याबद्दल शंका आली तर आधी नीट मोज. आणि मोजणाऱ्यालाही मोज." किल्ली माझ्याकडे राहिली.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाही बसले नसते. त्याच दुपारी मिस्तरींचा फोन आला. "बाई, तुमची गाडी नीट आहे ना? मग मला न्याल का दोन ठिकाणी?"

त्यांच्या दुकानात एक वही असते. गाडी कुणाची, राहायला कुठे, आकडा काय, एवढंच तीत लिहिलेलं, एरवी वहिनींच्या अक्षरात. गेल्या दीड वर्षात वहिनी दुकानात नव्हत्या असे अकरा दिवस मिस्तरींनी त्यावरून शोधून काढले होते. त्या दिवसांत दोन गाड्यांपुढे मिस्तरींच्या हाताने ‘काही नाही’ लिहिलेलं होतं. "माझ्या शब्दावर तुमची किल्ली गेली," ते म्हणाले. "या दोघांचं काय गेलं ते बघून यायला हवं."

"अहो, कुणी विचारलंय का तुम्हाला?" मी म्हणाले. "दुकानावर परिणाम होईल."

"उद्या मला हेही आठवायचं नाही, बाई. आजच न्या."

मी थक्क होऊन गाडी काढली.

पहिला एक भाड्याची गाडी चालवणारा. त्याने दुसरीकडून दोष काढून घेतला होता. तो हसला आणि चहाला थांबा म्हणाला. दुसऱ्या एक निवृत्त नर्स. त्यांच्या दारात मी, मिस्तरी आणि वहिनी उभे राहिलो. नर्सबाई साधारण माझ्याच वयाच्या, उंच, केस आखूड. मागे त्यांचे यजमान.

"गाडी? गाडी विकली," नर्सबाई म्हणाल्या. "पाच महिने झाले. तुम्हीच नाही का सांगितलंत, गाडीला काही नाही म्हणून? म्हणजे माझ्यात आहे."

"मी नीट बघितलंच नव्हतं," मिस्तरी म्हणाले. "एक पायरी विसरलो होतो. तुमच्या गाडीत दोष होता की नव्हता, मला माहीत नाही. नव्हता असं सांगायचा मला अधिकार नव्हता. एवढंच सांगायला आलो."

नर्सबाईंनी चौकटीला हात लावला. यजमान म्हणाले, "जाऊ द्या हो, आता काय त्याचं? झालं ते बऱ्यासाठीच झालं. हिला अलीकडे..."

"तुम्ही गप्प बसा," नर्सबाई म्हणाल्या. मग मिस्तरींना: "पाच महिने मी रोज घरातला प्रत्येक दिवा दोनदा तपासतेय. तीस वर्षं वॉर्डात एक औषध चुकवलं नाही, आणि आता स्वतःच्या गोळ्या हे मोजून देतात. तुम्हाला कळतंय का काय केलंत ते?"

"कळतंय," मिस्तरी म्हणाले.

त्यांनी पंधरा मिनिटं मिस्तरींना फैलावर घेतलं. मिस्तरी मान खाली न घालता ऐकत राहिले. वहिनी मध्ये पडायला गेल्या तर त्यांनी हातानेच थांबवलं. मला वाटलं होतं शेवटी दार आपटेल. त्याऐवजी नर्सबाई आत गेल्या, चपला घालून आल्या, आणि सरळ माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"गाडी कुणी घेतली ते मला ठाऊक आहे. चार गल्ल्या पलीकडे. चला, मला जाणून घ्यायचंय."

गाडी एका शाळामास्तरांनी घेतली होती. ती दारातच उभी होती, बॉनेट उघडं. मास्तर बनियनवर, घामाघूम, शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घ्यायला वायरी जोडत होते. आम्हा चौघांना उतरताना बघून ते बावरले.

"तुम्हीच विकली ना ही?" ते नर्सबाईंना म्हणाले. "तक्रार नाही हो, गाडी उत्तम आहे. फक्त बॅटरी सारखी उतरते. तिसरी वेळ आहे महिन्यातली. आमची ही म्हणते, तुम्हीच दिवा चालू ठेवता. आणि खरं सांगू का? मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

चलावहिनींच्या हातातली पेटी खाली टेकली. नर्सबाईंनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग त्यांनी माझा फोन मागितला आणि घरचा नंबर लावला. एकही आकडा न चुकता.

"गोळ्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवा," त्या यजमानांना म्हणाल्या. "आणि चपला घालून इकडे या. मास्तरांच्या दारात. आत्ता."